वार पडल्यानंतरची साखर

बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. त्यानंतर काही मिनिटांनी वार पडते. डॉक्टर ती उलटूनपालटून पाहतात, पुरी आली ना याची खात्री करतात आणि बाजूला ठेवतात. अर्धा किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव नऊ महिन्यांपूर्वी अस्तित्वातही नव्हता. पण ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिच्या शरीरात याच वेळी मोठी उलथापालथ सुरू झालेली असते. कालपर्यंत जी जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेत होती, तिला आज बहुधा त्याची गरज उरत नाही. कोणतं नवं औषध दिलेलं नसतं, पथ्य बदललेलं नसतं. शरीरातून एक अवयव बाहेर गेला, एवढंच झालेलं असतं.

वार म्हणजे बाळाला अन्न पोचवणारी नळी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती संप्रेरकांचा कारखाना आहे. तिच्यात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाचं नाव ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन. दिवस भरत आले की वार हे एकच संप्रेरक रोज एक ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त बनवते. एक ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं. पण निरोगी माणसाचं स्वादुपिंड दिवसभरात जेवढं इन्सुलिन स्रवतं, त्याचं वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. संप्रेरकांच्या जगात जिथे सगळा व्यवहार कणाकणाने चालतो, तिथे हा महापूर आहे. त्याच्या जोडीला वारेतलं वाढीचं संप्रेरक आणि प्रोजेस्टेरॉन असतं, शिवाय आईच्या शरीरातलं कॉर्टिसॉलही वाढलेलं असतं. या सगळ्यांचा मिळून परिणाम असा, की आईच्या स्नायूंवर इन्सुलिनची मात्रा चालेनाशी होते. शेवटच्या तिमाहीत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद निम्म्याहून खाली येतो.

हे बिघाडामुळे होत नाही, हीच यातली विलक्षण गोष्ट आहे. वाढत्या बाळाचं मुख्य इंधन ग्लुकोज. ते वारेतून पलीकडे जातं, पण आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून जेवणानंतर आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ रेंगाळली, तर बाळाच्या वाट्याला जास्त येते. वार नेमकी तीच व्यवस्था करते. डेव्हिड हेग या उत्क्रांतीच्या अभ्यासकाने १९९३ साली असं मांडलं, की आईच्या रक्तातल्या साखरेवर इथे दोन्हीकडून ओढाताण चालते. बाळाच्या बाजूने वार ती वाढवू पाहते, आणि आईचं शरीर इन्सुलिन वाढवून ती आवरतं.

आईची बाजू लढवतात त्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडात विखुरलेली पेशींची छोटी बेटं पहिल्यांदा पाहिली. अशी सुमारे दहा लाख बेटं प्रत्येकाच्या पोटात असतात, आणि सगळी मिळून त्यांचं वजन एक-दोन ग्रॅमच भरतं. गरोदरपणात या पेशी इन्सुलिनचा स्राव दुपटी-अडीचपटीने वाढवतात. त्या हे कसं साधतात याचा एक धागा कोरियातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांना २०१० मध्ये उंदरांमध्ये सापडला. गाभण उंदरिणीच्या बीटा पेशी सेरोटोनिन बनवू लागतात. मेंदूतल्या मनःस्थितीशी आपण ज्याचं नाव जोडतो, तेच हे रसायन. त्याच्या इशाऱ्यावर बीटा पेशी दुभंगून संख्येने वाढतात. जे रसायन मेंदूत एक काम करतं, ते स्वादुपिंडात येणाऱ्या बाळासाठी दुसरंच काम करत असतं.

बहुतेक बायकांचं स्वादुपिंड ही वाढीव मागणी निभावतं. काहींचं कमी पडतं, रक्तातली साखर चढते, आणि फाइलवर गरोदरपणातल्या मधुमेहाचा शिक्का पडतो. पथ्य, चालणं, गरज पडली तर इन्सुलिन असे तीन-चार महिने निघतात. मग वार पडते, साखर उतरते, आणि घरात सगळे म्हणतात, ‘चला, गेली एकदाची शुगर.’

१८२४ मध्ये बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात अशीच एक बाई नोंदवली. तिची तहान भागता भागत नव्हती, लघवीत साखर होती, आणि बाळंत झाल्यावर ती साखर नाहीशी झाली. ही साखर म्हणजे गरोदरपणाचंच एक लक्षण, असं त्याला वाटलं. त्याच्या काळात तो असाच विचार करणार. आपल्याला मात्र तसं म्हणता येणार नाही, कारण १९६४ साली बॉस्टनमध्ये एक वेगळीच गोष्ट समोर आली. जॉन ओसुलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ यांनी गरोदर बायकांना ग्लुकोज पाजून साखर मोजली आणि किती साखर जास्त मानायची याची मर्यादा ठरवली. ती मर्यादा बरोबर आहे का, हे त्यांनी बाळाच्या वजनावरून किंवा अवघड बाळंतपणावरून पडताळलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्या बायकांपैकी कोणाला कायमचा मधुमेह झाला, यावरून पडताळलं. गरोदरपणातल्या मधुमेहाची व्याख्या जन्माला आली तीच मुळी आईच्या भविष्याची सूचना म्हणून. बाळाची काळजी त्या व्याख्येत नंतर आली. आज दवाखान्यांत नेमकं उलट झालं आहे. बाळ सुखरूप झालं की आईच्या साखरेचा विषय संपतो.

छातीत दुखलं तर डॉक्टर माणसाला ट्रेडमिलवर चालवतात. बसल्या जागी ठीक वाटणारं हृदय जोर पडल्यावर कसं वागतं, हे त्यातून कळतं. गरोदरपण ही बीटा पेशींची तशीच चाचणी आहे. फक्त ती नऊ महिने चालते आणि तिचा निकाल कायमचा मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी हातात पडतो. ज्या बाईच्या पेशी या चाचणीत दमल्या, त्या वार पडल्यावर विसावतात खऱ्या, पण त्यांच्या ताकदीची सीमा आता कळलेली असते. जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०२० मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकाने छापलेला निष्कर्ष असा, की गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे दहापट असतो. आपल्या भागातली परिस्थिती आणखी घाई करायला लावणारी आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात मिळून झालेल्या ‘लिव्हिंग’ या अभ्यासात अशा १,६०१ बायका होत्या. अभ्यासात आल्यानंतर साधारण सव्वा वर्षात त्यांच्यापैकी चौथा हिस्सा बायकांची साखरेची स्थिती आणखी बिघडलेली आढळली.

असं असलं तरी हे भाकीत टाळता येतं, आणि टाळण्याचं बरंचसं काम स्वयंपाकघरात होतं.

पहिला वाटा अंगावरच्या दुधाचा. आईच्या दुधात सुमारे सात टक्के लॅक्टोज असतं. बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पीत असेल, तर पन्नास ग्रॅमहून जास्त साखर रोज आईच्या शरीरातून बाहेर जाते. हे लॅक्टोज स्तनातल्या पेशी आईच्या रक्तातल्या ग्लुकोजपासून बनवतात, आणि ते ग्लुकोज आत घ्यायला त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. दमलेल्या बीटा पेशींच्या डोक्यावरचा एवढा भार परस्पर उतरतो. कॅलिफोर्नियात ‘स्विफ्ट’ नावाच्या अभ्यासाने गरोदरपणात मधुमेह झालेल्या हजाराहून अधिक आयांचा बाळंतपणानंतर दोन वर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी बाळाला भरपूर आणि दीर्घकाळ अंगावर पाजलं, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. २०२० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी पुढचा दुवा दाखवला. पाजणाऱ्या उंदरिणीच्या बीटा पेशींतही दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे सेरोटोनिन तयार होतं आणि त्या पेशी वाढतात, टिकतात. ज्या आयांनी अंगावर पाजलं होतं, त्यांच्या बीटा पेशी काही वर्षांनंतरही जास्त चांगलं काम करताना त्यांना दिसल्या. बाळ दूध ओढतं तेव्हा आईचं स्वादुपिंडही सावरत असतं, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ थक्क होऊन बसून राहिले होते.

इथे एक सांगितलंच पाहिजे. गरोदरपणात मधुमेह असलेल्या काही आयांना दूध उतरायला एक-दोन दिवस उशीर होतो. तो त्यांचा दोष नव्हे. अशा वेळी घरच्यांनी ‘दूधच नाही’ म्हणून लगेच डबा आणू नये. बाळाला वरचेवर पाजायला घ्यावं आणि नर्सची मदत घ्यावी. आणि काही कारणाने पाजणं जमलंच नाही, तर पुढे सांगितलेलं बाकी सगळं त्या आईलाही तितकंच लागू आहे.

दुसरा वाटा ताटाचा, आणि इथे आपल्या घरांतली बाळंतिणीची परंपरा पुन्हा नीट पाहावी लागते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, सुंठ, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, जेवणानंतर ओवा आणि बाळंतशोपा. सव्वा महिना बाळंतिणीची झीज भरून काढायची, दूध वाढवायचं, या हेतूने पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ही यादी जपली. मधुमेह म्हटला की ही सगळी यादी मोडीत काढणारेही भेटतात, आणि ‘पहिलं बाळंतपण आहे, खाऊ दे तिला’ म्हणत दिवसाला चार लाडू भरवणारेही. दोघांनीही लाडू फोडून आत काय आहे ते पाहिलेलं नसतं.

डिंक म्हणजे बाभळीच्या किंवा धावड्याच्या खोडातून पाझरलेला रस. तुपात तळला की तो फुलतो. रसायनदृष्ट्या तो साखरेच्या रेणूंचीच साखळी आहे, पण ती साखळी तोडणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही. म्हणून डिंक लहान आतड्यातून तसाच पुढे जातो, रक्तातली साखर चढवत नाही, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खातात. अळीव पाण्यात भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टन तयार होतं. तेही विरघळणाऱ्या तंतूंचं, आणि दाण्यात लोह भरपूर. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईसाठी यापेक्षा शहाणी निवड कोणती? मेथीच्या दाण्याच्या वजनात जवळपास निम्मा भाग तंतूंचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी १९८०च्या दशकापासून मधुमेहींना मेथ्या खायला देऊन साखर मोजली आणि ती उतरल्याचं दाखवलं. हे तंतू पोटात दाटसर लगदा करतात आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते.

म्हणजे ज्या लाडवाला आपण नावं ठेवतो, त्यातले नाव मिरवणारे तिन्ही पदार्थ निर्दोष आहेत. अडचण आहे ती त्यांना बांधणाऱ्या गुळात, साखरेत आणि मुठीमुठीने पडणाऱ्या खारकेच्या पुडीत. पन्नास ग्रॅमचा लाडू धरा, त्यात तिसरा हिस्सा गूळ. दोन लाडवांत तीस ग्रॅमच्या वर गूळ झाला. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि आपल्या बाळंतिणीची अजून अळिवाची खीर, दुपारचा शिरा आणि साखर घातलेलं दूध बाकी असतं. गूळ पौष्टिक म्हणून चालतो, ही समजूत तर फारच घट्ट आहे. गुळात लोहाचा अंश असेल, पण बहुतांश गूळ म्हणजे साखरच, आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते.

मला वाटतं, लाडू सोडू नये. गूळ सोडावा. तळलेला डिंक, भाजलेलं खोबरं, तीळ, बदाम, खसखस, सुंठ यांचं मिश्रण थोड्या तुपात मळून लहानसा लाडू वळता येतो. गोडी हवी तर एखाद-दुसरी खारीक पुरे. अळीव दुधात भिजवून बिनसाखरेचा घेता येतो, थालिपिठाच्या पिठात मिसळता येतो. मेथ्या भिजवून मोड आणले की त्यांची उसळ होते आणि तिचा कडूपणाही मवाळ होतो. शेपूत मुगाची डाळ घालून केलेली भाजी तर आहे तशीच ठेवावी, तिच्यात सुधारण्यासारखं काही नाही. तूपही चमचाभर ठेवावं. फक्त घासागणिक तूप सुटणारा शिरा हा प्रेमाचा पुरावा मानू नये. साखरेची औषधं चालू असतील, तर मेथ्या वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

आणि उपास तर मुळीच नको. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, आणि प्रथिनंही सुमारे सतरा ग्रॅमने वाढवावी लागतात. त्या ऊर्जेतली बरीचशी गुळातून आणि मैद्याच्या टोस्टांतून भरली जाते, आणि प्रथिनं मागे राहतात.

हा प्रश्न फक्त बाळंतिणीचा नाही. देशभरातल्या सुमारे अठरा हजार लोकांच्या आहाराचा ‘इंडियाब’ अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या एकूण ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. त्यातलं एक निरीक्षण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. पांढऱ्या भाताऐवजी तेवढीच पोळी किंवा तेवढीच भाकरी खाल्ली, तर मधुमेहाचा धोका उतरलेला दिसत नव्हता. कर्बोदकांतला थोडा भाग काढून त्याजागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे आले, तिथे तो कमी दिसला. म्हणजे ‘भात बंद, आता तीन भाकऱ्या’ या आपल्याकडच्या सरधोपट पथ्याने फार काही साधत नाही. दोन भाकऱ्यांची एक करून वाटीभर मुगाची उसळ, घट्ट वरण, कोकणात कुळथाची पिठी, गोव्यात बांगड्याचा तुकडा, सोबत ताक, असं ताट मांडलं तर साधतं. गोव्याचं नाव सहज आलेलं नाही. याच अभ्यासमालेच्या २०२३ च्या आकडेवारीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात होतं.

बाळंतिणीला कडधान्यं देत नाहीत, वातूळ म्हणून. पण मूग तर सव्वा महिन्यातही चालतोच. त्याच्यापासून सुरुवात करावी आणि पुढे मटकी, मसूर, चवळी असं वाढवत न्यावं. डाळींचा एक गुण असा, की ऐकल्यावर विश्वास बसत नाही. पदार्थ किती वेगाने साखर चढवतो हे मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स ज्यांनी मांडला, त्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८२ मध्ये लोकांना सकाळच्या नाश्त्यात मसूर दिले आणि साखर दुपारच्या जेवणानंतर मोजली. दुपारचं जेवण सगळ्यांना सारखंच होतं, तरी ज्यांनी सकाळी मसूर खाल्ले होते त्यांची साखर कमी चढली. सकाळची उसळ दुपारच्या भातावर लक्ष ठेवून होती! खाण्याच्या क्रमाचंही असंच आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली अकरा मधुमेहींवर झालेल्या छोट्या प्रयोगात तेच पदार्थ तेवढेच होते, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड शेवटी. तेवढ्या फरकाने जेवणानंतरच्या तासाभरात साखर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी चढली. प्रयोग लहान आहे. पण करून पाहायला खर्च शून्य, आणि आपल्या पानात डाव्या बाजूची कोशिंबीर आधीपासूनच वाढलेली असते.

अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात गरोदरपणात मधुमेह झालेल्या चार हजारांहून अधिक बायकांच्या आहाराची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे, अख्खी धान्यं असा आहार सर्वांत जास्त सांभाळणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका चाळीस ते सत्तावन्न टक्क्यांनी कमी होता. त्याच अभ्यासातून पुढे आणखी एक गोष्ट दिसली. कर्बोदकं तोडून त्याजागी भरपूर मांस आणि प्राणिज चरबी घेणाऱ्यांत धोका उलट वाढलेला होता. मोबाइलवर दिसणारी ‘कार्ब्स बंद करा’ची टोकाची पथ्यं बाळंतिणीवर लादू पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

‘पण ती तर बारीक आहे, तिला कसली शुगर?’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांनी दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तिथल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं सुमारे आठशे ग्रॅमनी हलकी होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. काट्यावर बारीक आणि आतून चरबीदार अशी ही जन्मापासूनची घडण आहे, आणि जेवणातली बहुतेक साखर शोषून घेणारे स्नायूच आपल्याकडे कमी असतात. म्हणून वजन उतरलं का, एवढीच कसोटी आपल्या बायकांना पुरत नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा आहार आणि व्यायाम बदलला. वजन फारसं हललं नाही, तरी मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. हालचाल करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या तरी ते काम सुरू होतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून.

अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात अशा ३५० बायका होत्या ज्यांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता आणि आता साखर उंबरठ्यावर होती. आहार-व्यायामाने त्यांच्यातला मधुमेह निम्म्यावर आला. मेटफॉर्मिन गोळीनेही तितकाच आला. ज्यांची साखर बाळंतपणानंतरही वर राहते, त्यांनी गोळीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं, त्यात कमीपणा काही नाही.

मग आधी उल्लेख केलेल्या ‘लिव्हिंग’ अभ्यासात काय झालं? तिथे निम्म्या बायकांना वर्षभर गटात बसवून आहार-व्यायामाचं मार्गदर्शन केलं गेलं. वर्षाअखेरीस त्यांच्यात आणि बाकीच्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा निकाल निराश करणारा आहे, पण तो दडपू नये. अमेरिकेतल्या कार्यक्रमात आल्या त्या बायकांची बाळंतपणं होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. इथे मांडीवर तान्हं बाळ होतं. रात्री तीनदा उठणारी, सासर-माहेरच्या दोन स्वयंपाकघरांत दुसऱ्यांनी वाढलेलं खाणारी, स्वतःसाठी पंधरा मिनिटं मागायला संकोचणारी बाई बैठकीत बसून आहाराचा तक्ता घेऊन घरी जाते आणि तो तक्ता फ्रिजवर चिकटून राहतो. माझा निष्कर्ष असा, की तिला एकटीला शहाणं करून भागत नाही. डाळ कुकरला लावणारे हात, लाडू वळणारे हात, बाजारातून टोस्टचा पुडा आणणारे हात वेगळे असतात, आणि बदल त्या हातांत व्हायला हवा. नवऱ्याने बाळ अर्धा तास धरलं, तर ती शांतपणे जेवू शकते, चालून येऊ शकते. सगळ्या घराने तेच ताट घेतलं, तर तिला वेगळं पथ्य उरत नाही.

बाळाच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. अॅरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी समाजाच्या कुटुंबांत एकाच आईची मुलं तपासली, तेव्हा आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा नंतर जन्मलेल्यांत मधुमेह जास्त आढळला. आई-बाप तेच, घर तेच, फरक होता तो फक्त गर्भात असताना आईच्या रक्तात असलेल्या साखरेचा. पुढचं मूल हवं असेल, तर दोन बाळंतपणांमधलं ताट हे त्या न आलेल्या बाळाचंही ताट आहे.

राहिली तपासणी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी साखर मोजायची, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा मोजायची. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी या वेळी फसवू शकते, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतर रक्तातल्या लाल पेशींचं वय बदललेलं असतं. निकाल चांगला आला, तरी दर एक ते तीन वर्षांनी ही तपासणी जन्मभर करायची.

ही पहिली तपासणी आपल्याकडे बहुतेक वेळा हुकते. सव्वा महिना माहेरी जातो, मग बारसं, मग सासरी परतणं, आणि फाइल कपाटात जाते. पण सहा आठवडे पुरे झाले की बाळाच्या लसीची तारीख येतेच, आणि ती तारीख सहसा कोणतंही घर चुकवत नाही. त्या दिवशी सकाळी आईने उपाशीपोटी जावं, पर्समध्ये गरोदरपणाची फाइल ठेवावी, आणि बाळाला लस टोचून झाली की तिथेच आपलीही साखर तपासून घ्यावी. तुमच्या घरात अशी बाळंतीण असेल, तर ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि बाळाच्या नावाखाली तिचंही नाव लिहा.